जबाब कोणाचा? : बेंटलीच्या निवेदनाची भाषिक चिकित्सा आणि तिच्या मर्यादा

पोलीस ठाण्यात लिहून घेतलेल्या जबाबाकडे भाषेची एक कृती म्हणून पाहण्याची सवय आपल्या अभ्यासकांना फारशी नाही. बखर, पत्र, आज्ञापत्र, करीना ह्यांची चिकित्सा आपण करतो. लेखक कोण, लेखनिक कोण, प्रक्षेप कोठे आहे, हे प्रश्न आपण त्यांच्या बाबतीत आवर्जून विचारतो. ज्या कागदावर एखाद्याचे आयुष्य अवलंबून असते त्या कागदाला मात्र हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात अशाच एका कागदाचा विचार करावयाचा आहे. तो इंग्लंडातील आहे व १९५२ सालचा आहे. त्याची भाषिक चिकित्सा झाली, ती गाजली, आणि न्यायसंबद्ध भाषाशास्त्र ह्या शाखेचे एक आदर्श उदाहरण म्हणून ती आज शिकवली जाते. ह्या चिकित्सेचे मोल मान्य करूनही तिने एक प्रश्न अर्धवट सोडला आहे, असे मला वाटते. ज्याची समज, स्मरण किंवा संभाषणशक्ती बालपणापासूनच इतरांहून वेगळी घडली आहे, अशा माणसाला प्रश्न कसे विचारावेत व त्याचे उत्तर कसे लिहावे, हा तो प्रश्न होय.

१

प्रकरण थोडक्यात असे. २ नोव्हेंबर १९५२ रोजी रात्री दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे एका वखारीच्या छपरावर दोन तरुण चोरीच्या उद्देशाने चढले. ख्रिस्तोफर क्रेग हा १६ वर्षांचा होता, डेरेक बेंटली १९ वर्षांचा. पोलीस आले. बेंटली लवकरच एका पोलिसाच्या ताब्यात सापडला. त्यानंतर काही वेळाने क्रेगने झाडलेल्या गोळीने सिडनी माइल्स हा पोलीस शिपाई ठार झाला. खटला ९ ते ११ डिसेंबर १९५२ ह्या तीन दिवसांत सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड ह्यांच्यापुढे चालला. वयामुळे क्रेगला फाशी देता येत नव्हती. ज्याने गोळी झाडली नव्हती त्या बेंटलीला मात्र ती देता येत होती. ज्यूरीने दयेची शिफारस केली, ती मानली गेली नाही, आणि २८ जानेवारी १९५३ रोजी वाँड्सवर्थ तुरुंगात बेंटलीला फाशी देण्यात आले. १९९३ मध्ये त्याला शिक्षेपुरती मरणोत्तर माफी मिळाली आणि ३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धीच रद्द केली.

बेंटलीला लहानपणापासून अपस्माराचा त्रास होता, त्याला लिहितावाचता येत नसे आणि त्याचा बुद्ध्यंक ७७ च्या आसपास मोजला गेला होता. आजच्या परिभाषेत हा आकडा बौद्धिक अक्षमतेच्या सीमारेषेवर येतो. अशी माणसे वेगळी ओळखू येत नाहीत. ती बोलतात, हसतात, 'हो' म्हणतात. आपल्याला समजले नाही हे लपविण्याची कला बहुधा त्यांनी शाळेतच हस्तगत केलेली असते. त्यामुळे पोलीस चौकशीत ती सर्वांत सहज सापडतात आणि त्यांचे वेगळेपण सर्वांत शेवटी लक्षात येते.

बेंटलीविरुद्ध दोन भाषिक पुरावे होते. पहिला म्हणजे त्याने छपरावर उच्चारल्याचे पोलिसांनी सांगितलेले 'लेट हिम हॅव इट, क्रिस' हे वाक्य. बेंटली व क्रेग ह्या दोघांनीही ते उच्चारले गेल्याचे नाकारले. शिवाय ह्या वाक्याचा अर्थ 'त्याला गोळी घाल' असा होतो, तसाच 'त्याला ते देऊन टाक' असाही होतो. ह्या द्व्यर्थावर पुष्कळ लिहिले गेले आहे व येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. दुसरा पुरावा अधिक महत्त्वाचा आणि आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. तो म्हणजे बेंटलीचा ५८२ शब्दांचा लेखी जबाब. हा जबाब बेंटलीने स्वतः सलग सांगितला, मध्ये प्रश्न विचारले गेले नाहीत, आणि लेखनिकाने तो जसाच्या तसा उतरवून घेतला, असे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. बेंटलीचे म्हणणे उलट होते. काही भाग आपल्याला विचारलेल्या प्रश्नांतून तयार झाला, असे तो म्हणत होता.

२

ह्या जबाबाची चिकित्सा माल्कम कुल्थार्ड ह्यांनी केली व १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी १९६८ साली यान स्वार्तविक ह्यांनी टिमथी इव्हान्सच्या जबाबांचा अभ्यास केला होता. १९५० साली फाशी गेलेला व १९६६ साली मरणोत्तर माफी मिळालेला इव्हान्स हाही जवळजवळ निरक्षरच होता. न्यायसंबद्ध भाषाशास्त्राच्या ह्या दोन्ही पायाभूत अभ्यासांचे नायक दुर्बळ वाचेची माणसे असावीत, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याची स्वतःची भाषा बळकट असते त्याच्या जबाबावर दुसऱ्याच्या भाषेचे आवरण चढविणे अवघड असते.

कुल्थार्ड ह्यांचा युक्तिवाद दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी शब्दांच्या वारंवारतेची. बेंटलीच्या जबाबात 'देन', म्हणजे 'नंतर', हा शब्द १० वेळा येतो, म्हणजे सरासरी ५८ शब्दांमागे एकदा. सामान्य साक्षीदारांच्या तुलनेसाठी घेतलेल्या जबाबांत तो ९३० शब्दांत एकदाच आला. पोलिसांच्या जबाबांत तो ७८ शब्दांमागे एकदा आला. शब्दक्रम तर अधिकच बोलका आहे. सामान्य इंग्रजी वक्ता 'देन आय' म्हणतो. कर्त्यानंतर क्रियाविशेषण ठेवणारी 'आय देन' ही रचना बोलीत इतकी विरळ आहे की बोलीच्या मोठ्या संग्रहात ती सुमारे १,६५,००० शब्दांमागे एकदा आढळली. बेंटलीच्या ५८२ शब्दांत ती तीनदा आहे. पोलिसी लेखनात मात्र ती नित्याची आहे. कालक्रम घट्ट बांधणे ही पोलिसाच्या लेखनाची व्यावसायिक गरज आहे, आणि ती गरज बेंटलीच्या तोंडी आली आहे.

दुसरी पायरी नकारार्थी वाक्यांची. न घडलेल्या गोष्टी अनंत असतात. कथन करणारा त्यांतील एखादीच सांगतो, आणि तीही श्रोत्याच्या मनात तशी अपेक्षा उत्पन्न झालेली असते तेव्हा. बेंटलीच्या जबाबात मात्र तोपर्यंत क्रिस काही बोलला नव्हता, ओरडलो तेव्हा तो मला दिसत नव्हता, अशा आशयाची वाक्ये मध्येच उगवतात. मागच्यापुढच्या कथनाशी त्यांचा धागा जुळत नाही. त्यामागे 'तो काही बोलला का?', 'तो तुला दिसत होता का?' असे प्रश्न उभे आहेत, असे मानले की धागा लगेच जुळतो. सर्वांत घातक वाक्य असे आहे की, तो बंदूक वापरणार आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते. कथनात बंदुकीचा उल्लेख तोपर्यंत एकदाही आलेला नसताना येथे ती निश्चयवाचक उपपदासह, परिचित वस्तू म्हणून अवतरते. ह्याच जबाबात पुढे मात्र गोळी सुटेपर्यंत क्रिसजवळ बंदूक असल्याचे आपल्याला माहीत नव्हते, असे म्हटले आहे. म्हणजे एकाच कागदावर बेंटली बंदुकीबद्दल अज्ञानही सांगतो व ज्ञान गृहीतही धरतो. ह्या गृहीतात त्याचा अपराध वाचता येण्याजोगा होता. कुल्थार्ड ह्यांच्या मते हे वाक्य म्हणजे प्रश्नातील गृहीत उत्तरात झिरपल्याचा परिणाम आहे. मला हे विवेचन पूर्णपणे पटते.

३

तथापि चिकित्सेचीही चिकित्सा झाली पाहिजे. पहिला आक्षेप नमुन्याचा. सामान्य साक्षीदारांच्या जबाबांचा एकूण विस्तार अवघा ९३० शब्दांचा होता आणि पोलिसांच्या जबाबांचा सुमारे २,२७० शब्दांचा. ९३० शब्दांत एकदा आलेल्या शब्दाची सरासरी सांगणे हे सांख्यिकीच्या दृष्टीने धाडसाचे आहे. बोलीच्या मोठ्या संग्रहाची जोड मिळाल्यामुळे निष्कर्ष तग धरतो, हे खरे. पण तो तग धरतो शब्दक्रमाच्या बळावर. शब्दांच्या नुसत्या मोजदादीवर तो उभा राहिला नसता.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. तुलना कोणाशी केली? 'सामान्य' वक्त्याशी. बेंटली तर सामान्य वक्ता नव्हता. निरक्षर, अल्पबुद्धी, अपस्मारग्रस्त तरुण मध्यरात्रीनंतर पोलीस ठाण्यात कसे कथन करील, ह्याचा कोणताही संग्रह कोणाजवळ नव्हता. अशा तरुणाच्या कथनात 'मग' ह्या अर्थाचे शब्द जास्त असतील की कमी? नकारार्थी वाक्ये असंबद्ध रीतीने येतील की येणार नाहीत? सुसंगत कथनाची जी अपेक्षा कुल्थार्ड ह्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी आहे, ती अपेक्षा पुरी करण्याची शक्ती बेंटलीत किती होती? सरकारी पक्षाचा एखादा चतुर वकील म्हणू शकला असता की, हा विस्कळीतपणा प्रश्नांमुळे आलेला नाही, तो ह्या मुलाच्या बुद्धीचाच आहे. शब्दक्रमाचा पुरावा ह्या आक्षेपाला उत्तर देतो, कारण अल्पबुद्धी माणूस पोलिसी शब्दक्रम स्वतःहून निर्माण करणार नाही. पण नकारांचा पुरावा ह्या आक्षेपापुढे एकटा टिकत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून नोंद करण्याची आहे. १९९८ साली लॉर्ड बिंगम ह्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली ती मुख्यतः लॉर्ड गॉडर्ड ह्यांनी ज्यूरीला केलेल्या समारोपातील दोषांमुळे. भाषाशास्त्राने बेंटलीची सुटका केली, असे जे अनेकदा सैलपणे म्हटले जाते, ते खरे नाही. आपल्या शास्त्राचा गौरव आपल्याला प्रिय असला तरी तो सत्याच्या मोलाने विकत घेऊ नये.

४

ह्यावरून मुख्य मुद्द्याकडे वळता येते. 'जबाबाचे शब्द कोणाचे?' हा कर्तृत्वाचा प्रश्न आहे. समजा, बेंटलीचा प्रत्येक शब्द खरोखरच त्याचाच असता, तरी तो जबाब विश्वसनीय ठरला असता काय? तसे म्हणता येणार नाही. प्रश्नाला उत्तर देणारा माणूस प्रश्नाच्या आशयालाच उत्तर देतो, असे आपण गृहीत धरतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत हे गृहीत डळमळते. कॅरोल सिगलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, अशा व्यक्ती 'हो की नाही' स्वरूपाच्या प्रश्नांना, परस्परविरोधी प्रश्न असले तरीही, 'हो' म्हणण्याकडे झुकतात. गिस्ली गुडजॉन्सन ह्यांनी १९८४ मध्ये सूचनवशता मोजण्याची जी श्रेणी मांडली, तिच्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. सूचक प्रश्नाला वश होणे ही एक, आणि 'तुझे चुकले, पुन्हा नीट सांग' असा दाब आल्यावर उत्तर बदलणे ही दुसरी. भाषेच्या अभ्यासकाला हा भेद महत्त्वाचा वाटला पाहिजे, कारण पहिली गोष्ट प्रश्नाच्या वाक्यरचनेत असते, तर दुसरी संभाषणातील अधिकाराच्या विषमतेत असते. प्रश्नाची रचना कितीही शुद्ध केली तरी दुसरी गोष्ट उरतेच.

इंग्लंडने हा धडा बेंटलीपासून घेतला नाही. त्यासाठी आणखी एक प्रकरण घडावे लागले. १९७२ साली लंडनमधील मॅक्सवेल कॉनफेट खून प्रकरणी तीन मुलांनी कबुलीजबाब दिले. त्यांतील १८ वर्षांच्या मुलाची मानसिक वाढ ८ वर्षांच्या बालकाइतकीच होती. १९७५ साली त्यांच्यावरील दोषसिद्धी रद्द झाल्या, १९७७ साली फिशर चौकशीचा अहवाल आला, पुढे राजकीय आयोग नेमला गेला व अखेर १९८४ चा पोलीस व फौजदारी पुराव्यासंबंधीचा कायदा झाला. त्याखालील नियमांनी 'योग्य प्रौढ व्यक्ती' उपस्थित ठेवण्याची तरतूद रूढ केली. चौकशी न्याय्य रीतीने चालते की नाही हे पाहणे व संभाषण सुकर करणे, ही तिची कामे ठरली. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याची पद्धतही ह्याच कायद्याच्या अनुषंगाने रुजली. माझ्या मते ह्या दोहोंत ध्वनिमुद्रणाचे महत्त्व अधिक आहे, कारण त्यामुळे प्रश्न जिवंत राहतो.

येथे एका सोप्या उपायाचा मोह टाळावा लागेल. 'सूचक प्रश्न विचारू नका, मोकळे प्रश्न विचारा', हे मुलाखतशास्त्राचे सर्वमान्य सूत्र आहे. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत ते बव्हंशी हितकारक ठरते. पण स्वमग्न व्यक्तीला 'जे जे आठवते ते सर्व सांग' असे म्हटले, तर ती पुष्कळदा गप्प होते. सर्व म्हणजे किती, कोठून आरंभ करावयाचा, श्रोत्याला काय हवे आहे, हे त्या प्रश्नात नसते. केटी मारास व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या पद्धतीत साक्षीदाराला प्रथम आपल्या आठवणीचे तुकडे स्वतःच पाडावयास सांगतात व मग एकेका तुकड्यावर बोलते करतात. चौकट मिळते, पण ती दुसऱ्याने लादलेली नसते. ह्यावरून दिसते की 'अक्षम व्यक्तींची मुलाखत' असा एकसंध विषय नाही. एकाला जो प्रश्न मुक्त करतो, तो दुसऱ्याला मुका करतो.

५

हा सारा विचार मराठीत आणला म्हणजे काय दिसते? आपल्याकडील फिर्यादी व जबाब ज्या साच्यात लिहिले जातात त्याचा आरंभ 'समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की' अशा धर्तीचा असतो. हे वाक्य भाषाशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत प्रामाणिक आणि अत्यंत अपुरे आहे. प्रश्न विचारला गेला, हे ते आरंभीच मान्य करते. इंग्लंडातील पोलिसांनी जे शपथेवर नाकारले, ते आपला साचा स्वतःच कबूल करतो. पण एकदा कबुली दिल्यावर प्रश्न कागदावरून नाहीसे होतात आणि उत्तरांची अखंड कथा उभी राहते. पाठोपाठ 'सदर इसम', 'नमूद वेळी', 'माझे सांगणेप्रमाणे' अशी पदे येतात. बोलणारा 'माझ्या सांगण्याप्रमाणे' म्हणतो. 'माझे सांगणेप्रमाणे' हे सामान्यरूप कचेरीचे आहे. मराठीत शब्दक्रम मोकळा असल्यामुळे 'आय देन'सारखी खूण येथे मिळणार नाही. 'मी नंतर' आणि 'नंतर मी' हे दोन्ही आपण सहज म्हणतो. आपल्याला खुणा शोधाव्या लागतील त्या रूपविचारात आणि शब्दनिवडीत.

आणखी सूक्ष्म गोष्टी आहेत. 'तू तिथे होतास ना?' ह्यातील 'ना' हा एकाक्षरी अव्यय उत्तर आधीच देऊन टाकतो. 'तू तिथे गेला नाहीस ना?' ह्या प्रश्नाला 'हो' असे उत्तर आले, तर गेल्याची कबुली समजावी की न गेल्याला दुजोरा समजावा? आणि 'हो' म्हणजे 'ऐकतो आहे' एवढेच असेल तर? लेखनिक ह्या तिन्ही शक्यतांतून एक निवडतो व तिचे पूर्ण वाक्य करतो. 'आता खरे सांगतोस का?' ही रूपाने पृच्छा आहे, हेतूने आज्ञा आहे. शब्दशः अर्थ घेणारा स्वमग्न तरुण 'हो' म्हणून थांबेल, आणि तो थांबणे उर्मटपणाचे लक्षण ठरेल.

सर्वांत बोलके उदाहरण प्रतिध्वनीचे आहे. काही स्वमग्न व्यक्ती प्रश्नाचा शेवट तसाच परत उच्चारतात. कल्पना करा की प्रश्न आहे, 'दगड तू मारलास?' आणि उत्तर आले, 'मारलास'. मराठी क्रियापदाच्या अंती असलेला हा द्वितीय पुरुषाचा 'स' ओरडून सांगतो आहे की हे उत्तर नव्हे, हा प्रश्नाचाच पडसाद आहे. लेखनिक मात्र व्याकरण सुधारतो आणि लिहितो, 'दगड मी मारला'. एका वर्णाच्या लोपाने पडसादाचा कबुलीजबाब होतो. आपल्या भाषेने निर्दोष माणसाच्या बाजूने ठेवलेला पुरावा आपल्याच शुद्धलेखनाच्या सवयीने पुसून टाकावा, ह्याहून मोठी शोकांतिका कोणती?

ह्यावर असे म्हटले जाईल की आपल्याकडे पोलिसांपुढील कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्यच नाही. ते खरे आहे. १८७२ च्या कायद्यातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. पण त्याच कलमाच्या परंतुकाप्रमाणे ज्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत होते तेवढी माहिती सिद्ध करता येते. न्यायदंडाधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबही ग्राह्य असतो, आणि ठाण्यात एकदा 'हो' म्हणावयास शिकलेला माणूस तेथेही 'हो' म्हणण्याची शक्यता असते. पीडित व साक्षीदार ह्यांच्यासाठी कायद्याने काही पावले उचलली आहेत. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात अक्षम बालकाचा जबाब नोंदविताना विशेष शिक्षकाचे साहाय्य घेण्याची सोय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाचे कलम १२ न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क सांगते. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी साक्षकेंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. मात्र इंग्लंडातील 'योग्य प्रौढ व्यक्ती'सारखी, प्रत्येक अक्षम आरोपीच्या चौकशीला आपोआप लागू होणारी, तरतूद आपल्या संहितेत नाही. तपासातील जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. पीडिताची अक्षमता आपल्याला दिसते, आरोपीची दिसत नाही. आणि बेंटली आरोपी होता.

६

ह्या विवेचनाचे फलित तीन विधानांत सांगता येईल. एक, जबाब ही एका माणसाची कृती नाही. तो एक संवाद आहे आणि त्यातील एक बाजू पुसलेली आहे. म्हणून प्रश्न लिहिला न जाता केवळ उत्तर लिहिले गेले असेल, तर त्या कागदाला मूळ संहितेचा मान देता येत नाही. दोन, तुलनेसाठी 'सामान्य वक्ता' पुरेसा नाही. बौद्धिक अक्षमता व स्वमग्नता असलेल्या मराठीभाषकांच्या कथनांचे, त्यांच्या व पालकांच्या संमतीने व ओळख गुप्त ठेवून केलेले संग्रह आपल्यापाशी असावयास हवेत. हे काम पोलिसांचे नाही, भाषाविभागांचे आहे, आणि पदव्युत्तर प्रबंधांसाठी ह्याहून उपयुक्त विषय मला सुचत नाही. तीन, लेखनिकाने अशुद्ध ते अशुद्धच लिहावे. संहिताचिकित्सेत पाठ 'सुधारणारा' लेखनिक आपल्याला नकोसा वाटतो, कारण त्याच्या सुधारणेमुळे मूळ वाचन कायमचे हरवते. पोथीच्या बाबतीत ह्या हानीचे दुःख आपण करतो. जिवंत माणसाच्या जबाबाबाबत ते अधिक व्हावयास हवे, कारण पोथीचा दुसरा पाठ कधीतरी कोठेतरी सापडण्याची आशा असते. बेंटलीच्या त्या रात्रीच्या बोलण्याचा दुसरा पाठ कोठेही नाही.